रोज १५ मिनिटं, ५०० दिवसांची स्ट्रीक, तरीही भाषा बोलता का येत नाही?

मोबाईलवर एक हिरवा पक्षी रोज आठवण करून देतो: आजचा धडा राहिलाय. तुम्ही धडा करता, स्ट्रीकचा आकडा एकाने वाढतो, बरं वाटतं. वर्षभराने जर्मन किंवा जपानी बोलणारा माणूस समोर उभा राहतो आणि तोंडातून 'हॅलो'च्या पुढे काही निघत नाही.

हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की त्यावर मीम्स निघतात. पण हसून सोडून द्यावा असा हा विषय राहिलेला नाही. २०२५ या एका वर्षात भाषा शिकण्याच्या धंद्यात मोठी उलथापालथ झाली. अ‍ॅप्सचे धडे एआय लिहू लागलं, भाषांतर थेट कानात ऐकू येऊ लागलं आणि त्याच वेळी परदेशी नोकरीसाठी भाषेची परीक्षा पास होणं हजारो भारतीय तरुणांसाठी पोटापाण्याचा प्रश्न बनलं.

मग आता भाषा शिकायची तरी कशाला? शिकायची तर कशी? फुकटात काय मिळतं आणि पैसे कुठे टाकावेत? एकेक मुद्दा पाहू या.

२०२५ मध्ये नेमकं काय घडलं?

ड्युओलिंगो हे भाषा शिकवणारं जगातलं सर्वांत लोकप्रिय अ‍ॅप. महिन्याला १० कोटींहून जास्त लोक ते उघडतात. एप्रिल २०२५ मध्ये कंपनीचे प्रमुख लुईस वॉन आन यांनी कर्मचाऱ्यांना लिहिलेलं एक पत्र जाहीर केलं. कंपनी यापुढे 'एआय-फर्स्ट' असेल आणि जे काम एआय करू शकतं त्यासाठी कंत्राटी माणसं हळूहळू कमी केली जातील, असं त्यात म्हटलं होतं.

दोनच दिवसांत कंपनीने १४८ नवे अभ्यासक्रम जाहीर केले. आधीचे १०० अभ्यासक्रम तयार करायला सुमारे १२ वर्षं लागली होती. हे १४८ साधारण वर्षभरात झाले.

सोशल मीडियावर यावर जोरदार टीका झाली. शेकडो दिवसांची स्ट्रीक असलेल्या लोकांनी अ‍ॅप काढून टाकल्याचे स्क्रीनशॉट टाकले. नंतर वॉन आन यांनी, एआयने कायम कर्मचाऱ्यांची जागा घ्यावी असा आपला हेतू नाही, असा खुलासा केला.

ऑगस्टमध्ये गुगल ट्रान्सलेटने ७० हून अधिक भाषांमध्ये दोन माणसांच्या बोलण्याचं तिथल्या तिथे भाषांतर करण्याची सोय आणली आणि भाषेचा सराव करून घेणारी सुविधाही सुरू केली. सप्टेंबरमध्ये अ‍ॅपलने एअरपॉड्समध्ये थेट भाषांतर दिलं. सुरुवात इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, पोर्तुगीज आणि स्पॅनिश या पाच भाषांपासून झाली.

गुंतवणूकदारांनीही याची दखल घेतली. मे महिन्यात ५०० डॉलरच्या पुढे गेलेला ड्युओलिंगोचा शेअर वर्ष संपेपर्यंत २०० डॉलरच्या खाली आला. त्यामागे कारणं अनेक असतील, पण 'एआय असताना भाषा शिकवणाऱ्या अ‍ॅपची गरज किती?' हा प्रश्न त्यात नक्कीच होता.

पंधरा मिनिटांचं गणित

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. रोज १५ मिनिटं म्हणजे वर्षाला साधारण ९१ तास. एकही दिवस न चुकवता.

अमेरिका आपल्या राजनैतिक अधिकाऱ्यांना परदेशी भाषा शिकवण्यासाठी एक सरकारी संस्था चालवते. इंग्रजी मातृभाषा असलेल्या प्रौढाला कामापुरती भाषा यायला किती वेळ लागतो, याचा तिचा अनेक दशकांचा अनुभव आहे. स्पॅनिश किंवा फ्रेंचसाठी वर्गातले साधारण ६०० ते ७५० तास, जर्मनसाठी सुमारे ९००, हिंदीसाठी सुमारे ११०० आणि जपानीसाठी २२०० तास. घरचा अभ्यास वेगळा.

म्हणजे रोज १५ मिनिटांच्या हिशेबाने जर्मनला दहा वर्षं आणि जपानीला चोवीस वर्षं.

एवढी उंच पातळी सगळ्यांनाच नको असते. युरोपात भाषेच्या ज्ञानाच्या सहा पायऱ्या मानतात: ए१, ए२, बी१, बी२, सी१ आणि सी२. रोजचे व्यवहार स्वतःच्या बळावर निभावता येतात ती पायरी बी१. गोएथे इन्स्टिट्यूटच्या अंदाजानुसार शून्यापासून बी१ पर्यंत पोहोचायला ४५ मिनिटांच्या ३५० ते ६५० तासिका लागतात. रोज १५ मिनिटं धरली तर हेही तीन ते साडेपाच वर्षांचं काम झालं.

तेव्हा ५०० दिवसांनंतर बोलता येत नसेल तर ते तुमच्या बुद्धीचं अपयश नाही. ५०० दिवसांत तुम्ही १२५ तास अभ्यास केलात. १२५ तासांत जेवढं यायचं तेवढंच येतं: ओळख करून देणं, हॉटेलात ऑर्डर देणं, पाट्या वाचणं.

अ‍ॅप काय शिकवतं आणि काय नाही?

वेळेखेरीज दुसरी गोष्ट म्हणजे त्या वेळात तुम्ही नेमकं काय करता.

अ‍ॅपवरचे बरेचसे प्रश्न ओळखण्याचे असतात. चार पर्यायांतून एक निवडा, शब्दांचे ठोकळे जुळवा, जोड्या लावा. उत्तर समोर असतं, ते फक्त ओळखायचं. प्रत्यक्ष बोलताना मात्र समोर पर्याय नसतात, शब्द स्वतःच्या डोक्यातून काढावा लागतो. ही दोन वेगळी कौशल्यं आहेत.

२००६ मध्ये हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांच्या दोन गटांना उतारे दिले. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने तो मिटून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. आठवण्याचा ताण पडला की गोष्ट जास्त दिवस टिकते. अभ्यास सोपा जात असेल तर 'आपल्याला येतंय' असं वाटतं, पण ते वाटणं फसवं असू शकतं.

दुसरं उदाहरण कॅनडाचं. तिथे इंग्रजी घरातल्या अनेक मुलांना फ्रेंच माध्यमाच्या शाळेत घातलं जातं. वर्षानुवर्षं फ्रेंच ऐकून ही मुलं समजण्यात जवळपास फ्रेंच मुलांच्या बरोबरीला आली, पण बोलण्या-लिहिण्यात मागेच राहिली. भाषातज्ज्ञ मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये यावरून मुद्दा मांडला की, भाषा कानावर पडणं पुरेसं नाही, ती तोंडातून काढावी लागते. बोलायला गेल्यावरच आपल्याला काय येत नाही ते कळतं.

कोरियन मालिका पाच वर्षं पाहूनही कोरियन बोलता न येण्याचं एक मोठं कारण हेच आहे.

राहिली स्ट्रीक. ती सवय लावते, हा तिचा खरा फायदा. पण स्ट्रीक मोजते तुम्ही अ‍ॅप किती दिवस उघडलंत ते. तुम्हाला किती येतं हे ती मोजत नाही. रात्री पावणेबाराला स्ट्रीक वाचवण्यासाठी सोपा जुना धडा उरकला, तरी आकडा वाढतोच. रोज परत येणारा ग्राहक हा कंपनीचा फायदा आहे. त्यात तुमचाही फायदा आहे की नाही, हे दर तीन महिन्यांनी स्वतःच तपासावं लागतं.

कानात भाषांतर आल्यावर शिकायचं कशाला?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. चार दिवसांच्या सहलीसाठी, मेन्यूकार्ड वाचायला, रिक्षावाल्याला पत्ता सांगायला फोन पुरतो. त्यासाठी सहा महिने भाषा शिकण्याची गरज आता खरोखर उरलेली नाही.

पण तीन ठिकाणी फोन पुरत नाही.

पहिलं, नोकरी. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी १० हजार कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीने कुशल भारतीयांसाठीच्या व्हिसांची संख्या वर्षाला २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याची घोषणा केली. ऑगस्ट २०२५ मध्ये भारत आणि जपान यांनी पाच वर्षांत पाच लाख लोकांच्या देवाणघेवाणीचं उद्दिष्ट ठरवलं. त्यात ५० हजार कुशल भारतीय जपानला जाणं अपेक्षित आहे.

या सगळ्यात खरा अडथळा भाषेचा आहे. जर्मनीत नर्स म्हणून पूर्ण मान्यता मिळवायला साधारणपणे बी२ पातळी लागते. जपानच्या 'विशिष्ट कुशल कामगार' व्हिसासाठी किमान एन४ किंवा त्याच्या तोडीची परीक्षा लागते. परीक्षेच्या खोलीत कानात एअरपॉड घालू देत नाहीत. आणि रात्रपाळीला पेशंट कळवळत असताना नर्स फोन काढून भाषांतर करत बसू शकत नाही.

दुसरं, माणसं. सासर कर्नाटकातलं असेल, शेजारी तमिळ असतील, मुलीचं लग्न फ्रान्समध्ये झालं असेल, तर तिथे यंत्र मधे ठेवून नातं जुळत नाही. विनोद, टोमणा, लाड हे भाषांतर येईपर्यंत शिळे होतात.

तिसरं, मेंदू. हैदराबादमध्ये डॉ. सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास केला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये हा आजार सुमारे साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसला. जे कधी शाळेत गेले नव्हते त्यांच्यातही हा फरक होता. मात्र यातून 'साठीत अ‍ॅप घ्या आणि स्मृतिभ्रंश टाळा' असा निष्कर्ष काढता येत नाही. ही माणसं आयुष्यभर दोन-तीन भाषांत वावरलेली होती. शिवाय या विषयावरच्या सगळ्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत.

वय झालं, आता काय शिकणार?

२०१८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी सुमारे पावणेसात लाख लोकांची इंग्रजी व्याकरणाची ऑनलाइन चाचणी घेतली. व्याकरण आत्मसात करण्याची क्षमता साधारण १७ वर्षांपर्यंत टिकते आणि मग उतरते, असं त्यांना दिसलं. या बातमीचा अर्थ अनेकांनी 'मोठेपणी भाषा येत नाही' असा लावला.

तो चुकीचा आहे. त्या अभ्यासाचा विषय मातृभाषिकाइतकी अचूकता हा होता. कामापुरती भाषा वेगळी. सुरुवातीच्या महिन्यांत तर मोठी माणसं लहान मुलांपेक्षा वेगाने शिकतात, कारण त्यांना नियम समजावून घेता येतात. मुलांना मिळतो तो भरपूर वेळ आणि चुकण्याची मोकळीक. मोठ्यांकडे या दोन्हींची टंचाई असते.

मराठी येणाऱ्याला कोणत्या भाषा सोप्या जातात?

वर दिलेले तास इंग्रजी भाषकांचे आहेत. आपलं गणित थोडं वेगळं आहे आणि ते बऱ्याचदा आपल्या फायद्याचं आहे.

- जर्मन: डेर, डी, डास ही तीन लिंगं इंग्रजी भाषकाला छळतात. आपल्याला तो, ती, ते पाठच आहे. जर्मनमध्ये 'मुलगी' हा शब्द नपुंसकलिंगी आहे हे ऐकून इंग्रज चक्रावतो. 'ते बाळ', 'ते लेकरू', 'ते पोरगं' म्हणणाऱ्याला त्यात फार नवल वाटू नये. कोणत्या शब्दाचं लिंग कोणतं, हे मात्र पाठच करावं लागतं.
- जपानी: 'वाताशि वा गाक्को नि इकिमास' म्हणजे 'मी शाळेत जातो'. शब्दांचा क्रम तोच, क्रियापद शेवटी, आणि 'नि' हा प्रत्यय आपल्या '-त' किंवा '-ला' सारखा नामाच्या मागे. वाक्यरचनेत आपण इंग्रजांच्या पुढे आहोत. अडचण लिपीची: रोजच्या वापरासाठी ठरवलेल्या कांजी चिन्हांचीच संख्या २१३६ आहे.
- गुजराती: तीन लिंगं, ओळखीचे शब्द आणि देवनागरीची सख्खी बहीण म्हणावी अशी लिपी. मराठी माणसाला वाचायला शिकणं हे काही आठवड्यांचं काम आहे.
- कन्नड: भाषाकुळ वेगळं असलं तरी वाक्याची ठेवण मराठीसारखी आणि शेकडो वर्षांच्या शेजारामुळे सामाईक शब्द भरपूर.

कोर्सच्या पुस्तकात इंग्रजीतून दिलेलं स्पष्टीकरण डोक्यावरून गेलं, तर तेच वाक्य मराठीतून लावून पाहा. अनेकदा ते लगेच उलगडतं.

फुकटात काय चांगलं मिळतं?

सगळ्यांची यादी देण्यात अर्थ नाही. ज्यांचा खरोखर उपयोग होतो अशी मोजकी साधनं:

- निकोस वेग: जर्मनीच्या 'डॉइचे वेले' या प्रसारण संस्थेचा मोफत व्हिडिओ कोर्स. ए१ ते बी१. एका तरुणाची सलग गोष्ट असल्यामुळे पुढे काय होतं याची उत्सुकता राहते.
- इरोदोरी: जपान फाउंडेशनची पाठ्यपुस्तकं. जपानमध्ये राहून काम करणाऱ्यांसाठी लिहिलेली, ऑडिओसह मोफत डाउनलोड करता येतात. एनएचके वर्ल्डचे सोप्या जपानीचे धडे हिंदीतूनही आहेत.
- अँकी: शब्द पाठ करण्याचं साधन. २००६ पासून आहे. कॉम्प्युटर आणि अँड्रॉइडवर मोफत, आयफोनवर विकत. दिसायला रूक्ष आहे, पण यामागची कल्पना पक्की आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवून दिलं की पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरतं, म्हणून उजळणी अंतराअंतराने हवी. अँकी हे अंतर प्रत्येक शब्दासाठी वेगळं ठरवतं.
- एआय चॅटबॉट: बोलण्याच्या सरावाला उत्तम. न कंटाळता शंभर वेळा तेच ऐकून घेतो आणि चुकल्यावर लाज वाटत नाही. पण व्याकरणाचं स्पष्टीकरण देताना तो ठासून चूक सांगू शकतो. मराठीसारख्या भाषेत ही शक्यता जास्त. म्हणून सराव त्याच्याशी करा, नियम पुस्तकातून पक्का करा.

पैसे खर्च करायचे असतील तर ते माणसावर करा. पुण्या-मुंबईतलं मॅक्सम्युलर भवन, आलियान्स फ्राँसेज, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारातला विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग इथे शिक्षक समोर असतो, तुमची चूक पकडतो आणि सोबतची दहा मुलंही अडखळत बोलत असतात.

परदेशी नोकरीसाठी शिकत असाल तर एक काळजी घ्या. 'तीन महिन्यांत बी२ आणि नोकरीची हमी' अशी जाहिरात दिसली, तर वरचे तास आठवा. शून्यापासून बी२ साठी गोएथेचाच अंदाज ६०० ते ८०० तासिकांचा आहे. म्हणजे साधारण ४५० ते ६०० तास. तीन महिन्यांत ते बसवायचे तर सुट्टी न घेता रोज पाच ते साडेसहा तास वर्गात बसावं लागेल, आणि घरचा अभ्यास त्यावर. आणखी एक: जपानीच्या जेएलपीटी परीक्षेत बोलण्याचा भागच नसतो. प्रमाणपत्र हातात असून मुलाखतीत गप्प बसण्याची वेळ येऊ शकते.

आणि मराठी शिकायची असेल तर?

इथे आपली बाजू कच्ची आहे. ८ कोटींहून जास्त लोकांची ही मातृभाषा. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिला अभिजात दर्जा मिळाला. पण ड्युओलिंगोवर हिंदी शिकता येते, मराठी नाही. एआयने वर्षभरात १४८ अभ्यासक्रम काढले, तरीही नाही.

२०२५ मध्ये महाराष्ट्रात भाषेवरून वातावरण तापलं होतं. पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय एप्रिलमध्ये आला आणि विरोधानंतर जूनअखेरीस मागे घेतला गेला. त्याच सुमारास मीरा रोडला मराठी न बोलण्यावरून एका दुकानदाराला मारहाण झाली. 'महाराष्ट्रात राहायचं तर मराठी शिका' हे वाक्य त्या काळात सगळीकडे ऐकू येत होतं. 'कुठे शिकू?' असं एखाद्याने प्रामाणिकपणे विचारलं, तर लगेच हातात ठेवावं असं फारसं काही नव्हतं.

अगदीच काही नाही असंही नाही. मुंबई विद्यापीठाचा जर्मन विभाग आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी 'माय मराठी' हा अमराठी भाषकांसाठीचा उपक्रम केला. परकीय भाषा शिकवण्याची आधुनिक पद्धत त्यात मराठीसाठी वापरली आहे. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थचा १८५७ चा कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश मोफत शोधता येतो. अमेरिकेतून येऊन फलटणला स्थायिक झालेल्या मॅक्सीन बर्नसन यांनी जाई निंबकर यांच्यासोबत परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठीची पाठ्यपुस्तकं आणि व्याकरण १९७० च्या दशकातच लिहिलं.

कमी आहे ते रोजच्या वापराचं. बँकेत, भाजीबाजारात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये लागणारी मराठी, फोनवर, ऐकता येईल अशी, हिंदी, गुजराती, तमिळमधून समजावलेली. जर्मनी आणि जपान आपल्या भाषेसाठी हे सरकारी पैशातून जगभर फुकट देतात. अभिजात दर्जासोबत येणाऱ्या निधीतून हे काम आधी करता येईल.

दुसरी कमतरता आपल्या सवयीत आहे. कोणी मोडकी मराठी बोलायला लागलं की आपण पटकन हिंदीवर येतो, त्याला मदत म्हणून. त्याचा सराव तिथेच थांबतो. त्याला चुकत बोलू देणं आणि सावकाश मराठीतच उत्तर देणं, हा कोणत्याही अ‍ॅपपेक्षा चांगला धडा आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत.

मग करायचं काय?

- आधी कशासाठी शिकायचं ते ठरवा. सहलीसाठी असेल तर फोन पुरे. नोकरीसाठी असेल तर कोणती परीक्षा, कोणती पातळी, हे आधी पाहा.
- स्ट्रीकऐवजी तास मोजा. वहीत लिहा. शंभर तास झाले की दोन मिनिटं स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करा आणि मागच्या रेकॉर्डिंगशी ताडून पाहा.
- अ‍ॅप ठेवायचं तर ठेवा, पण एकूण वेळेच्या पाव हिश्शापुरतं. उरलेल्या वेळात ऐका, आठवून लिहा आणि आठवड्यातून एकदा तरी जिवंत माणसाशी बोला.
- रोज १५ मिनिटांऐवजी ४५ मिनिटं काढता आली, तर बी१ साठीची तीन ते साडेपाच वर्षं एक ते पावणेदोन वर्षांवर येतात.
- एका वेळी एकच नवी भाषा घ्या. तीन भाषांचे पहिले दहा धडे येण्यापेक्षा एकीत भांडता येणं बरं.